जिनिंग बंद व्हायच्या आत: अमळनेरच्या एका घरखर्चाच्या नोंदी

१ जानेवारी २०२५

घरात पाच माणसं. सासूबाई, हे, मी, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. हे धरणगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, कामाला आहेत. कापसाचा सीझन चालू असतो तोवर ओव्हरटाइम धरून २४,००० हातात येतात. मे उजाडला की जिनिंग बंद, आणि पगार १६,००० वर येतो. माझ्या शिलाईचे सरासरी ५,००० धरायचे. दरवर्षी मे ते सप्टेंबर किराणा उधारीवर भरायचा आणि दिवाळीनंतर तो फेडत बसायचं, असं चाललंय. यंदा डिसेंबर संपला तरी दुकानदाराच्या वहीत आमच्या नावावर ११,२०० बाकी आहेत. म्हणून ही वही सुरू केली. मेच्या आत महिन्याचा खर्च २५,००० च्या खाली आणायचा आहे.

डिसेंबरचा हिशेब आठवून आणि चिठ्ठ्या गोळा करून मांडला. किराणा ७,८००, मुलांचे क्लास ४,५००, फ्रिज आणि मोबाइलचा हप्ता ३,२००, दूध २,७९०, पेट्रोल २,६००, भाजी २,२००, आहेर-लग्नकार्य १,५००, वीज १,४१०, बाहेरचं खाणं १,४००, सासूबाईंची औषधं १,३५०, मोबाइल रिचार्ज १,०००, गॅस ८१०, सटरफटर ८४०. एकूण ३१,४००. आणि कमाई २९,०००. दोन दिवस मी त्या २,४०० कडे बघत बसले होते.

६ जानेवारी

सुरुवात भाजी-दुधापासून करायची असं डोक्यात होतं. त्याआधी पासबुक भरून आणलं, बरं झालं. जुलैपासून हप्ता चार वेळा परत गेला आहे. दर वेळी ५०० दंड आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५९०. चार वेळचे २,३६०. बँकेनं आपले वेगळे कापले ते निराळेच. कारण इतकं साधं की जीव जळतो: हप्त्याची तारीख ५, पगार जमा होतो ७ किंवा ८ ला. आम्ही दोघांनीही सहा महिने मेसेज उघडून वाचले नव्हते.

तारीख बदलून मागितली, ते झालं नाही. मग शिलाईचे ३,२०० खात्यात टाकले आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. म्हणजे खात्यात कायम एक हप्ता पुढचा पडलेला राहील. त्यापायी या महिन्यात किराणा दुकानदाराला काही देता आलं नाही. त्यांना जाऊन समोर सांगितलं, ऐकून घेतलं त्यांनी.

कोणी हे करायला घेणार असेल तर पहिल्या दिवशी पासबुक भरून आणा. भाजीत काटकसर करून एवढे पैसे वाचवायला मला वर्ष लागलं असतं.

१२ जानेवारी

विजेचं. डिसेंबरचं बिल १४४ युनिटचं. बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, ते पहिल्यांदा नीट वाचले. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ पासून जवळपास दुप्पट. म्हणजे आमचे वरचे ४४ युनिट खालच्या शंभराच्या पाऊणपटीहून जास्त पैसे खातात.

आठवडाभर रोज सकाळी सातला मीटरचा आकडा लिहिला. रोज साडेचार-पाच युनिट जातात. संशय माझ्या शिलाई मशीनच्या मोटारीवर होता. एक दिवस मशीन पूर्ण बंद ठेवलं, फरक जेमतेम पाव युनिटाचा पडला. मग आंघोळीच्या पाण्याचा रॉड बंद ठेवला. तो १,५०० वॅटचा, पाच जणांच्या पाण्याला तासभर चालतो. आकडा दीड युनिटानं खाली आला. महिन्याचे ४५ युनिट! चोर सापडला.

१९ जानेवारी

माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवला. सासूबाईंच्या लग्नातला आहे. बुडाशी झिरपत होता, डाग देऊन घेतला, २५० रुपये. जळणाला पऱ्हाटी. कापसाच्या शेवटच्या वेचण्या झाल्या की शेतकरी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकतात किंवा तिथंच पेटवून देतात. माझ्या भावानं ट्रॅक्टरची अर्धी ट्रॉली आणून टाकली, डिझेलचे ४०० दिले.

पहिले तीन दिवस फसले. पऱ्हाटी ओली होती, नुसता धूर. शेजारच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे काळे झाले आणि त्या बोलल्या, बरोबरच होतं त्यांचं. आता पऱ्हाटी आठवडाभर उन्हात टाकून मगच वापरते आणि बंब पहाटे सहाच्या आत पेटवते. वीस मिनिटांत पाणी कढत होतं.

२८ जानेवारी

२५ तारखेपासून एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. मला अर्धं तिकीट आहे, तरी माहेरच्या फेऱ्या महिन्यातून दोनवरून एक केली. यांनी मोटारसायकल सोडून रेल्वेचा पास काढून बघितला. दुसरी पाळी रात्री नऊला सुटते तेव्हा परतायला सोयीची गाडी नसते. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला घरी आले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रेल्वे, दुसऱ्या पाळीत मोटारसायकल, असं ठरवलं. पेट्रोल १,६०० वर आलं आहे.

४ फेब्रुवारी

ही नोंद लिहायला जड जातंय.

महिनाअखेरीला मी दूध दीड लिटरवरून एक लिटर केलं होतं. महिन्याला ९०० वाचणार होते. चहा पातळ झाला, बाकी कोणी तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं जमलं. काल रात्री ओट्यावर सासूबाईंचा पेला उपडा दिसला, कोरडा. रोज झोपताना त्या पेलाभर दूध घेतात. विचारलं तर म्हणाल्या, "पोऱ्या वाढी ऱ्हायना, त्याले दे. माले काय करनं शे आते दूध." म्हणजे पोरगा वाढतोय, त्याला दे, मला आता दूध काय करायचंय. पाच दिवस त्या आपलं दूध नातवाच्या पेल्यात ओतत होत्या आणि मला कळलंही नव्हतं.

आज सकाळीच दूधवाल्याला परत दीड लिटर सांगितलं. वहीत दुधाच्या ओळीवर चौकट मारून ठेवली आहे, त्या ओळीला आता हात लावायचा नाही. घरातलं सगळ्यात गरीब माणूस स्वतःहून आपला वाटा सोडतं, म्हणून काय कमी करायचं हे पाचही जणांसमोर बसून ठरवायला हवं होतं. ते मी केलं नाही. आज रात्री जेवणानंतर बसलो. मुलीनं स्वतःहून सांगितलं की शाळेतून येताना दुकानातली पाकिटं नकोत. मुलगा गप्प होता. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या फोनला नेट कशाला, बोलण्यापुरतं असलं की पुरे. दूरसंचार नियामकाच्या (ट्राय) आदेशानंतर नुकतेच फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले आहेत, त्यांतला एक टाकून दिला.

१६ फेब्रुवारी

जानेवारीच्या बिलात निम्माच महिना बंबाचा होता, तरी ११९ युनिट आले. फेब्रुवारी शंभराच्या आत बसेल असा अंदाज आहे.

आता डाळ. किराण्यात सगळ्यात मोठे दोन खर्च तेल आणि तूरडाळ. आमच्याकडे वरण-बट्टी, फौजदारी डाळ, साधं वरण, रोज एक तरी पदार्थ डाळीचा. दुकानात चांगली डाळ १४५ ला. माहेरी पारोळ्याजवळ भावाच्या शेतात तूर निघाली होती. त्याला बाजारात ७४ चा भाव मिळत होता, मी तोच देऊन ६० किलो घेतली. ४,४४०. तूर ७४ आणि डाळ १४५, मधले ७१ आपलेच, असा माझा हिशेब होता.

घाई केली. दहा किलो तूर चाळली, पाव वाटी तेल चोळलं, एक दिवस ऊन दिलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून लगेच चक्कीवर नेली. पिशवी उघडली तेव्हा रडू आलं. साडेतीन किलो डाळ, तीही कडा तुटलेली. तीन किलोवर दाणे फोतरासकट तसेच. बाकी चुरी आणि भुसा. सासूबाईंनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडले, एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाल्या, "तेल कमी पडनं, म्हनीसन फोतरं निंघनं नही. आनि दाना आजून वल्ला शे." म्हणजे दाणा आतून अजून ओलसर.

२ मार्च

दुसरा घाणा उरलेल्या पन्नास किलोंचा, सासूबाईंच्या देखरेखीखाली. करून बघणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

तूर चाळून बारीक दाणा वेगळा काढला. बारीक आणि मोठा एकत्र असला तर जात्याच्या फटीतून बारीक तसाच निसटतो. दहा किलोला पाऊण वाटी शेंगदाण्याचं तेल, दाण्याला दाणा चोळून. मग गच्चीवर जुन्या धोतरावर पसरून तीन दिवस कडक ऊन, दर दोन तासांनी हात फिरवायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याचा हबका मारून सगळी तूर एका ढिगात ओढली, वर ओलं पोतं, त्यावर गोधडी. रात्रभर ढीग आतून उबेला येतो. सकाळी गोधडी काढली तेव्हा फोतरावर बारीक सुरकुत्या दिसत होत्या, तीच खूण. पुन्हा दोन दिवस ऊन. दाणा दाताखाली ओला न वाटता कट्टकन फुटला पाहिजे.

पहिले पाच किलो चक्कीऐवजी जात्यावर भरडले, वरची पाळी थोडी उचलून. सासूबाई खुंटा धरायच्या आणि मी मूठ-मूठ तूर सोडायची. पहिल्या फेऱ्यातच डाळीचा आवाज बदलला, खरखर जाऊन टकटक यायला लागली. सुपात पाखडलं तर फोतरं सालीसारखी उडाली आणि खाली पिवळीधमक डाळ, टोकाटोकाला किंचित तेलाची चकाकी. बाकीची चक्कीवर नेली, पण या वेळी चक्कीवाल्याला पाळी सैल करायला सांगून. दहा किलोला सात किलो डाळ निघाली. पहिल्या खेपेचे फोतरासकट राहिलेले दाणेही यातच पुन्हा घातले, त्यांची दोन किलो झाली.

एकूण ६० किलोची साडेचाळीस किलो डाळ. चक्की आणि तेल मिळून ३९० लागले. किलोला ११९ पडली. दुकानाच्या डाळीपेक्षा २६ रुपयांनी स्वस्त, सगळी मिळून हजाराच्या थोडी वर बचत. ७१ नाही, २६. तुरीचं तीस टक्के वजन फोतरं आणि चुरीत जातं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. शिवाय माझे नऊ दिवस गेले, त्यात शिलाईची ब्लाउज-पिशव्यांची दोन कामं परत गेली. चव मात्र अशी की मुलगा नुसतं वरण वाटीनं प्यायला.

१० मार्च

फेब्रुवारीचं बिल ९६ युनिट, ८१० रुपये. डिसेंबरपेक्षा ६०० कमी. भावाकडून उरलेली अर्धी ट्रॉलीही मागवली.

औषधं. सासूबाईंना साखर आणि बीपी दोन्ही. डॉक्टरांकडून गोळ्यांची मूळ नावं लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रात गेले. महिन्याचे १,३५० होते ते ५६० वर आले. यात एक चूक झाली, ती नीट वाचा. साखरेची गोळी मेटफॉर्मिन ५००, एवढंच बघून मी घेतली. त्यांची एसआर होती, म्हणजे हळूहळू विरघळणारी. मी आणली ती साधी. नशिबानं सुरू करायच्या आधी डॉक्टरांना पट्टी दाखवली, त्यांनी लगेच पकडलं. बदलून घेतली. नाव, मिलिग्रॅम आणि पुढची अक्षरं, तिन्ही जुळल्याशिवाय आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी बदलू नका.

२९ मार्च

तीन क्विंटल गहू आणि एक क्विंटल दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरली. दादर दाणा दाबून बघूनच घेतली, भाकरी मऊ होते. गव्हाला दोन ऊन दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत. गेल्या वर्षी पाला ओला घातला होता, पावसाळ्यात बुडाचा वीस किलो गहू सोंडे लागून गेला. या वेळी पाला चुरचुर वाजेपर्यंत सावलीत वाळवला.

बिबडे, पापड आणि कुरडया गल्लीतल्या पाच घरांनी मिळून केल्या. जळण एक, चूल एक. हे आधीपासूनच चालत आलंय, यात मी नवं काही केलं नाही.

९ एप्रिल

कालपासून सिलिंडर ५० रुपयांनी महागलं. डिसेंबरमध्ये एक टाकी २९ दिवस पुरली होती. टाकी लावली की तारीख खडूनं तिच्यावरच लिहायची, ही सवय जानेवारीपासून. फेब्रुवारीत ३२ दिवस गेले. डाळ आणि कडधान्यं भिजवल्याशिवाय कुकरला लावत नाही, त्यानं झालं ते. पण मार्चमध्ये परत २९. कारण सापडेना. शेवटी कुकरच्या बुडाकडे लक्ष गेलं, काजळी धरली होती. ज्योत निळी असायची ती पिवळी झाली होती. बर्नरची भोकं उतू गेलेल्या वरणानं बुजलेली. रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवून सकाळी एकेक भोक सुईनं मोकळं केलं. आताची टाकी किती जाते बघू.

तेल: महिन्याला सहा लिटर लागायचं, आता चार. रविवारी एक लिटर छोट्या बरणीत काढते, ते संपलं की पुढच्या रविवारपर्यंत नाही. दोनदा शनिवारी बरणी कोरडी पडली आणि भाजी उकडून केली. खरी अडचण शेवभाजीची. खानदेशात शेवभाजीवर तर्री नसेल तर ताटावरचं माणूस विचारतं की आजारी कोण आहे. दोन-तीन प्रयत्नांनी जमलं. कांदा-खोबरं तेलात न परतता निखाऱ्यावर भाजायचं, वाटण कढईत कोरडंच गरम करायचं, आणि अर्ध्या तेलाची फोडणी शेवटी वरून. तर्री वर दिसते आणि तेल निम्म्यात होतं.

१६ एप्रिल

माझी सगळ्यात मोठी चूक.

मार्चचं बिलही शंभराच्या आत आलं होतं आणि मला त्या आकड्याचा मोह पडला. एप्रिलचाही आत बसवायचा म्हणून कूलर माळ्यावरून काढलाच नाही. पंखा आहे, खिडकीला ओली चादर आहे, पंधरा तारखेपर्यंत काढू, असं म्हणत राहिले. पारा ४३ च्या पुढे गेला होता. सोमवारी दुपारी मी कपड्यांची नापं घ्यायला बाहेर गेले होते. परत आले तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ कोरडे, बोलणं अडखळत होतं. रिक्षानं दवाखान्यात नेलं. दोन सलाईन, रात्रभर तिथंच. १,८५० खर्च आला.

बिल कितीही आलं असतं तरी कूलरचे महिन्याचे साठ-पासष्ट युनिट, म्हणजे सात-आठशे रुपये. पैशांचं जाऊ दे, त्या बोलेनाशा झाल्या होत्या तो अर्धा तास मी विसरू शकत नाही.

त्याच संध्याकाळी कूलर खाली काढला, ताट्या नव्या बसवल्या, ३२० रुपये. तो त्यांच्या खोलीत, दुपारी बारा ते पाच आणि रात्री. आम्हीही सगळे दुपारी त्याच खोलीत. ज्याच्या घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे त्यानं आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरवर काटकसर करू नये.

१ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. नणंद चार दिवस माहेरी आली होती. खापरावरची पुरणपोळी, आमरस, घागर भरली, मुलीनं झोका खेळला, नणंदेला साडी. २,१०० झाले. वहीत आधीच या रकमेची जागा ठेवली होती, त्यामुळे कोणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली नाही. माहेरवाशिणीला वर्षातून एकदा मिळतं, ते कापायचं नाही.

यांचं जिनिंग परवा बंद झालं.

२५ मे

तूरडाळ दुकानात १२० ला आली आहे. माझी घरची ११९. म्हणजे बचत उरली एक रुपया, आणि ४,४४० रुपये तीन महिने डाळीत अडकून पडले. तेच फेब्रुवारीत दुकानदाराच्या उधारीत भरले असते तर बाकी लवकर उतरली असती. पुढच्या वर्षी तूर घेईन ती फक्त पंधरा किलो, तीही घरच्या चवीसाठी. तूर-डाळ करून पैसे वाचतात असं कोणी सांगितलं तर आधी फोतरं वजा करून हिशेब मागा.

बसायच्या खोलीतला जुना पंखा ७५ वॅटचा होता. कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, बीएलडीसी पंखा घेतला, ३० वॅटचा, २,७०० ला. सोळा तास चालतो, रोज पाऊण युनिटाच्या आसपास वाचतं. उन्हाळ्यात, म्हणजे महागड्या टप्प्यात, महिन्याला अडीचशेच्या वर सुटतात. हिवाळ्यात काहीच नाही. त्यामुळे पैसे वसूल व्हायला दोन उन्हाळे जातील. रोख घेतला, हप्त्यावर नाही.

८ जून

मेचा हिशेब. किराणा ६,३००, हप्ता ३,२००, क्लास ३,०००, दूध २,७९०, भाजी १,९००, वीज १,८४०, पेट्रोल १,२००, आहेर १,१००, गॅस ७१५, मोबाइल ७००, औषधं ५६०, बाहेरचं खाणं ५००, सटरफटर ६००. एकूण २४,४०५. पंखा यात धरलेला नाही, तो शिल्लकीतून. क्लासचा आकडा सुट्टीमुळे कमी दिसतोय, जूनपासून परत ४,५०० होईल. वीज गेल्या मेमध्ये २४४ युनिट होती, या वेळी कूलर भरपूर लावूनही १७६. बर्नर साफ केल्यानंतरची टाकी ३६ दिवस गेली.

कमाई यांचे १६,००० आणि लग्नसराईमुळे शिलाईचे ७,५००. कमी पडले ९०५, ते मार्च-एप्रिलच्या शिलकीतून भरले. मे महिन्यात किराणा उधार घ्यावा लागला नाही, आमच्या संसारात हे पहिल्यांदा झालं. जुन्या बाकीत फेब्रुवारीपासून ७,५०० भरले, आता ३,७०० राहिले आहेत. हप्ता जानेवारीनंतर एकदाही परत गेला नाही.

मेच्या शेवटी केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. आमच्या दुकानात तेलाचा भाव अजून तोच आहे. उतरला तरी बरणी लिटरचीच राहील.

आज दुपारी ढग भरून आले तेव्हा मी आणि मुलानं उरलेली पऱ्हाटी ओढून ओसरीच्या कडेला रचली आणि वर ताडपत्री बांधली. मोजली तर पन्नासएक जुड्या आहेत. रोज एक धरली तरी जुलै निघेल. त्यानंतर रॉड लागणार, त्या ४५ युनिटांसाठी ऑगस्टच्या पानावर आत्ताच जागा सोडून ठेवली आहे.